हॉलीहॉक आपल्याकडे पेरायचं कधी? (नाशिक, तिसरा प्रयत्न)

अंगणवेल (नाशिक), 14 सप्टेंबर 2024

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं माझं हॉलीहॉक फुलापर्यंत पोचलेलं नाही. यंदा पुन्हा लावणार आहे, पण त्याआधी इथल्या जाणत्यांना विचारून घ्यावं म्हटलं.

आधी हे झाडच का, ते सांगते. बाबा सैन्यात होते आणि 1974 ते 77 आम्ही श्रीनगरला होतो. क्वार्टरच्या कुंपणाला लागून पुरुषभर उंचीची ही झाडं ओळीनं उभी असायची. तिथला माळी त्याला गुलखैरा म्हणायचा. आई अजूनही 'खैरा' म्हणते. मी तेव्हा चार-पाच वर्षांची. फुलांपेक्षा मला त्याची चपटी, गोल फळं जास्त आठवतात, कारण भातुकलीत मी त्याच भाकऱ्या वाढायचे. आई आता 79 वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे अंगणात फारशी उतरत नाही. तिच्या खिडकीसमोर साधारण 12 फूट लांब आणि 3 फूट रुंद पट्टा रिकामा आहे. सकाळपासून दुपारी तीनपर्यंत तिथे चांगलं ऊन असतं. मला तिथे खैरा उभा करायचा आहे.

2022 मध्ये जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बी पेरलं. पाकिटावर उन्हाळ्याच्या सुरुवातीला पेरा असं छापलं होतं, म्हणून घाई केली. रोपं छान उगवली आणि जुलैच्या झडीत बुडाशी कुजून आडवी झाली. 2023 मध्ये नोव्हेंबर संपताना कुंडीत रोपं केली आणि जानेवारीत जमिनीत हलवली. पानांचा मोठा गड्डा झाला, पण एप्रिलपर्यंत दांडा म्हणून आला नाही. पानांच्या पाठीवर नारिंगी पुटकुळ्या होत्या. मे महिन्यात सगळं वाळून गेलं.

माती काळी, चिकट. पाणी बोअरचं. कुठे चुकतंय?

गादीवाफा (पुणे), 14 सप्टेंबर 2024

अंगणवेलताई, मातीचं नंतर बघू. दोन्ही वर्षी तुमचा महिना चुकला आहे.

हॉलीहॉकला आपला पावसाळा सोसत नाही आणि आपला मे सोसत नाही. मधे जे सहा-सात महिने उरतात तेवढ्यातच बी ते बी असा सगळा संसार त्याला उरकायचा असतो. पाकिटावरचा मजकूर ज्या देशात लिहिला जातो तिथे बी उन्हाळ्यात पेरतात, रोपं पहिली थंडी जमिनीलगत पसरून काढतात आणि पुढच्या उन्हाळ्यात फुलतात. म्हणून त्याला द्वैवार्षिक म्हणतात. आपल्याकडे ते थंडीतलं एका हंगामाचं झाड समजून लावायचं.

पाऊस परतायला लागला की बी जमिनीत पडलं पाहिजे. माझा हिशेब साधा आहे: घटस्थापना ते दसरा. पितृपंधरवड्यात वाफे करून ठेवायचे, घटात धान्य पेरलं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हॉलीहॉक. यंदा घटस्थापना 3 ऑक्टोबरला आहे. ऑक्टोबर हीटमध्ये बी भराभर रुजतं, दिवाळीपर्यंत पाच-सहा पानं होतात आणि थंडी पडते तेव्हा मूळ खोल गेलेलं असतं. तुम्ही नोव्हेंबरअखेर पेरलंत, म्हणजे झाडाचा निम्मा हिवाळा रोपवाटिकेतच गेला.

दुसरी गोष्ट वाणाची. जुन्या दुहेरी फुलांच्या वाणांना, उदाहरणार्थ 'चेटर्स डबल'ला, लांबलचक थंडी लागते. ती आपल्याकडे मिळत नाही, मग झाड नुसती पानं काढत बसतं. पहिल्याच वर्षी फुलणारे वाण घ्या. 'मेजरेट' बुटकं, दोन-तीन फुटांचं. 'समर कार्निव्हल' चार-पाच फुटांवर जातं. तुम्हाला पुरुषभर उंचीची हवीत, तर एकेरी पाकळ्यांचं मिश्र रंगांचं साधं देशी बी मिळालं तर तेच पेरा. आपल्या हवेत अनेक वर्षं काढलेलं बी परदेशी पाकिटापेक्षा चांगलं.

गच्चीतली_भेंडी (डोंबिवली), 15 सप्टेंबर 2024

काका, आमच्यासारख्यांनी काय करायचं? जमीन नाही, गच्ची आहे. आणि थंडी म्हणाल तर पंखा बंद करावा लागला की आम्ही त्याला थंडी म्हणतो.

गादीवाफा (पुणे), 15 सप्टेंबर 2024

करता येईल, फक्त कुंडी उथळ नको. सोटमूळ आहे, मुळ्यासारखं सरळ खाली जातं. रंगाची 20 लिटरची रिकामी बादली घ्या, स्वच्छ धुवा, बुडाला सात-आठ भोकं पाडा. एका बादलीत एकच झाड. तुमच्याकडे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याआधी पेरू नका, दमट उकाड्यात रोपं मरतात. आणि 'मेजरेट'सारखंच बुटकं घ्या, गच्चीवरच्या वाऱ्यात सहा फुटी दांडा टिकत नाही.

पर्णिका (कोल्हापूर), 15 सप्टेंबर 2024

छान धागा. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर.

हॉलीहॉकचं शास्त्रीय नाव अल्सिया रोझिया. लिनियसनं 1753 मध्ये दिलेलं. कूळ माल्व्हेसी, म्हणजे जास्वंद, भेंडी, अंबाडी, कापूस यांचं. भेंडीचं फूल आणि हॉलीहॉकचं फूल शेजारी धरून बघा, नातं लगेच कळतं: पाच पाकळ्या आणि मधोमध एक नळी, तिच्यावर सगळे पुंकेसर चिकटलेले. अंगणवेलताईंच्या भातुकलीतल्या भाकरीची सख्खी बहीण आपल्या रस्त्याकडेला उगवते. मुद्रा किंवा पेटारी म्हणतात ती अतिबला. तिचं फळही असंच चाकासारखं असतं. हॉलीहॉकचं फळ पिकलं की त्या चाकाच्या फोडी सुट्या होतात आणि प्रत्येक फोडीत एक बी. अल्सियाच्या रानटी जाती मुख्यतः इराण आणि तुर्कस्तानच्या पट्ट्यात आहेत. कोरडी हवा, निचऱ्याची जमीन, कडक थंडी. काश्मीर-लडाखमध्ये ते इतकं रमतं, ते त्यामुळेच.

काकांशी एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. थेट पेरणी उत्तमच, पण परतीचा पाऊस लांबला तर उघड्या वाफ्यातलं बी कुजतं. वर्तमानपत्राच्या कागदाचे उंच कप करून त्यात पेरलं आणि तिसरं-चौथं पान आलं की कपासकट जमिनीत ठेवलं, तर मुळाला धक्का लागत नाही.

गादीवाफा (पुणे), 15 सप्टेंबर 2024

पर्णिकाताई, मुळाला धक्का लागत नाही हे बरोबर, पण मूळ कपाच्या तळाशी पोचलं की वळतं. एकदा वळलं की ते झाड हात-दीड हात कमीच राहतं, हा माझा अनुभव आहे. सोटमुळाचं झाड जिथे जन्मलं तिथेच वाढू द्यावं.

अंगणवेल (नाशिक), 16 सप्टेंबर 2024

दोन्ही करून बघते. सहा ठिकाणी थेट बी, चार कागदी कपांत. वाफा कसा करू? काळी माती आहे म्हणून विचारतेय.

गादीवाफा (पुणे), 16 सप्टेंबर 2024

काळी माती पाणी धरून ठेवते, आणि हॉलीहॉकचा गळा पाण्यात राहिला की ते गेलंच. म्हणून गादीवाफा. दीड फूट खोल खणा, ढेकळं फोडा. दोन पाट्या तुमची माती, एक पाटी जाडसर वाळू, एक पाटी पूर्ण कुजलेलं शेणखत, असं मिसळून जमिनीपासून आठ-नऊ इंच वर गादी करा. ताजं शेण किंवा युरिया बिलकूल नको, नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात आणि रोग, मावा सगळं तिथेच येतं. शेणखतात मूठभर लाकडाची राख चालेल.

दोन झाडांत दीड ते दोन फूट अंतर. मन घट्ट करून हे अंतर पाळा. दाट लावलेल्या झाडांत वारा खेळत नाही आणि तांबेरा हा बुरशीचा रोग येतो. त्या नारिंगी पुटकुळ्या तांबेऱ्याच्याच होत्या. बी रात्रभर भिजवा, अर्धं पेर खोल, एका जागी तीन बिया. आठ ते चौदा दिवसांत उगवतं. पुढे सर्वांत सशक्त रोप ठेवून बाकीची दोन कात्रीनं कापा. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं.

वऱ्हाडी_माळी (अमरावती), 18 सप्टेंबर 2024

एक सांगायचं राहून जाते लोकांचं. भेंडीचा वाफा बाजूला असन तर हॉलीहॉक तिथून लांब लावा. भेंडीवर तो केवडा येते ना, पानाच्या शिरा पिवळ्या पडतात तो, त्याचा विषाणू पांढरी माशी पसरवते आणि हॉलीहॉकवरही तसाच शिरा पिवळ्या पडायचा रोग येते. आमच्या घरामागं कपाशी आहे, त्याच्यानं पांढरी माशी अन् पिठ्या ढेकूण दोन्ही पाहुणे असतात. पिवळे चिकट सापळे लावा, पाच टक्के निंबोळी अर्क पंधरा दिवसाआड फवारा. शिरा पिवळ्या झालेलं झाड ठेवू नका. त्याले इलाज नाही.

अंगणवेल (नाशिक), 4 ऑक्टोबर 2024

काल घट बसवले आणि संध्याकाळी बी पेरलं. बी अमरावतीच्या माळीभाऊंनी पोस्टानं पाठवलेलं, त्यांचे खूप आभार. सहा जागी तीन-तीन बिया, चार कपांत दोन-दोन. आईला खिडकीत खुर्ची दिली होती. ती तिथून सांगत होती, "इतकं खोल नको." तिचंच ऐकलं.

अंगणवेल (नाशिक), 19 ऑक्टोबर 2024

पर्णिकाताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. दसऱ्यानंतरही पाऊस पडतोच आहे. पण गादी उंच असल्यामुळे सहापैकी पाच जागी रोपं आहेत. कपांतली चारही आली. काळजी वेगळीच आहे: सकाळी बघते तर दोन रोपांची पानं करवतीनं कापल्यासारखी. चिकट चकाकता माग आहे.

दापोलीकर, 19 ऑक्टोबर 2024

गोगलगायी. कोकणात आमचा रोजचा सामना असतो. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा आणि मिठाच्या पाण्याच्या डब्यात वेचून टाका. मीठ वाफ्यात टाकू नका, माती खराब होते. रोपांभोवती कोरड्या राखेचं कडं करा, पाऊस झाला की पुन्हा. चार रात्री सलग केलं की फरक पडतो.

हॉलीहॉकचं म्हणाल तर आमच्या जांभ्या मातीत निचरा उत्तम असूनही हवा दमट, त्यामुळे मी दिवाळीनंतर पेरतो. तीन फुटांच्या वर कधी गेलं नाही, पण फुलतं.

अंगणवेल (नाशिक), 24 ऑक्टोबर 2024

तीन रात्रींत 61 गोगलगायी वेचल्या. रोपं आता शाबूत आहेत. कपांतली आज जमिनीत ठेवली. सहावी जागा रिकामी राहिली होती, तिथे एका कपातलं लावलं आणि पुढच्या बाजूला तीन. आता नऊ झाडं.

जर्सीकर (न्यू जर्सी), 2 नोव्हेंबर 2024

दिवाळीच्या शुभेच्छा सगळ्यांना. वाचत होते, आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या परसात हॉलीहॉक गेली अकरा वर्षं आपोआप येतंय. इथे ते खरोखरच दोन वर्षांचं असतं. जुलैत बी पडतं, ऑगस्ट-सप्टेंबरात रोपं, मग बर्फाखाली तीन महिने, आणि पुढच्या जूनमध्ये फुलं. इथल्या जुन्या शेतघरांत परसातल्या संडासाभोवती हॉलीहॉक लावायची पद्धत होती. आडोसाही होई आणि पाहुण्याला जागा विचारावी लागत नसे. लहान मुली याच्या फुलांच्या बाहुल्या करतात: उमललेलं फूल उपडं धरलं की घेरदार घागरा, वर काडीनं कळी टोचली की डोकं. माझ्या लेकीनं शेजारच्या आजींकडून शिकून घेतलं. अंगणवेलताईंची भाकरी वाचली आणि वाटलं, पोरींना या झाडाशी खेळावंसंच वाटतं, मग ते श्रीनगर असो की जर्सी.

त्रास दोनच. जपानी भुंगेरे पाकळ्यांची चाळण करतात, आणि तांबेरा. तो दरवर्षी येतोच.

अंगणवेल (नाशिक), 22 डिसेंबर 2024

थंडी मस्त आहे, पहाटे पारा दहाच्या खाली जातोय. थेट पेरलेल्या झाडांची पानं आता माझ्या पंजापेक्षा मोठी आहेत, जमिनीलगत गोल पसरली आहेत. कपांतली त्यांच्या निम्मी. काका, तुमचं वळणारं मूळ मला दिसायला लागलं आहे.

अंगणवेल (नाशिक), 17 जानेवारी 2025

आला. नऊपैकी चार झाडांवर तांबेरा. खालच्या पानांवर वरून पिवळे ठिपके, उलटून पाहिलं तर नारिंगी-तपकिरी फोड. मागच्या वेळी हेच झालं होतं. सगळं उपटून टाकू का? आई रोज सकाळी विचारते, "दांडा दिसतो का?" मला तिला नाही म्हणवत नाही.

पर्णिका (कोल्हापूर), 17 जानेवारी 2025

ताई, उपटू नका! शांतपणे वाचा.

या बुरशीचं नाव पुक्सिनिया माल्व्हेसिअरम. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. 1852 मध्ये चिलीतल्या नमुन्यावरून तिचं पहिलं वर्णन झालं. 1869 मध्ये ती स्पेनमध्ये दिसली आणि 1873 मध्ये इंग्लंडात पोचली. तोवर इंग्लंडात हॉलीहॉकचं वेड शिगेला होतं. सॅफ्रन वॉल्डन गावच्या विल्यम चेटर या रोपवाटिकावाल्यानं दुहेरी फुलांचे एकाहून एक वाण तयार केले होते. काकांनी वर 'चेटर्स डबल' म्हटलं ते त्याच्याच नावाचं. तांबेऱ्यानं ती सगळी हौस काही वर्षांत मोडून काढली.

गव्हाच्या खोडावरच्या तांबेऱ्याला आपलं चक्र पुरं करायला बार्बेरी नावाचं दुसरं झाड लागतं. या तांबेऱ्याला दुसरं कुणी लागत नाही. माल्व्हेसी कुळातल्या झाडावरच त्याचा जन्म आणि तिथेच शेवट. म्हणून तो सोपाही आहे आणि चिवटही. सोपा यासाठी की रोगट पान काढून नष्ट केलं की त्या पानावरचे सगळे बीजाणू गेले. चिवट यासाठी की वाफ्यात पडलेल्या एका वाळक्या पानावरून तो पुन्हा सुरू होतो. त्याला गारवा आणि पानावर टिकलेला ओलावा लागतो. जानेवारीतलं दव म्हणजे त्याची मेजवानी. ऊन तापायला लागलं की तो आपोआप मागे हटतो. तुम्हाला साधारण महिनाभर झाडं तगवायची आहेत.

गादीवाफा (पुणे), 18 जानेवारी 2025

पर्णिकाताईंनी कारण सांगितलं, मी काम सांगतो. सकाळचं दव सुकलं की खालची सगळी ठिपकेवाली पानं देठासकट कापा. पिशवीत घाला, जाळा. कंपोस्टात टाकू नका. पाणी फक्त बुडाशी, तेही सकाळी. संध्याकाळी पानं भिजवणं बंद. वाफ्यातला जुना पालापाचोळा काढून नवा कोरडा पसरा. एवढ्यानं थांबलं नाही तर मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम, दहा-बारा दिवसांच्या अंतरानं दोन वेळा. तोंडाला रुमाल, हातमोजे, वारा नसताना.

अंगणवेल (नाशिक), 18 जानेवारी 2025

खिडकीला लागून आहे आणि आई दिवसभर तिथे बसते, म्हणून औषध नको वाटतं. पानं कापून बघते.

वऱ्हाडी_माळी (अमरावती), 18 जानेवारी 2025

बरोबर आहे ताई. पण दर चौथ्या दिवशी पानं उलटून पाहा. आठवड्यानं पाहायचं म्हटलं तर तो तुमच्या पुढं निघून जाते.

अंगणवेल (नाशिक), 11 फेब्रुवारी 2025

दर चौथ्या दिवशी 15-20 पानं कापत आले. दोन झाडं अगदी बोडकी झाली होती, ती सोडून दिली असं समजून होते. आज सकाळी त्यातल्याच एकाच्या मधोमध दांडा वर आलेला दिसला, वीतभर. बाकी पाच झाडांनाही आहे. आईला हात धरून वाफ्यापर्यंत नेलं. तिनं दांडा बोटांनी चाचपला आणि म्हणाली, "लव आहे ना अंगावर? मग खैराच."

गादीवाफा (पुणे), 11 फेब्रुवारी 2025

वा! आजच काठ्या लावा. दांडा वाढल्यावर काठी रोवली तर मूळ तुटतं. सहा फुटी वेळू बुडापासून चार इंचांवर, दीड फूट आत. सुतळी आठच्या आकड्यात बांधा, म्हणजे एक वेढा काठीला आणि एक सैल वेढा दांड्याला. फुटाफुटावर एक गाठ. मार्चमधला वारा आणि अवकाळी, दोन्हीची तयारी ठेवायची. आणि आता पाणी तोडू नका. कळी धरताना झाड कोरडं पडलं तर वरच्या कळ्या गळतात.

गच्चीतली_भेंडी (डोंबिवली), 23 फेब्रुवारी 2025

माझ्या चार बादल्यांपैकी एकीला आज फूल आलं! अडीच फूट उंचीचं झाड, फूल फिकट गुलाबी, मधे किरमिजी डोळा. बाकी तिघांना कळ्या आहेत. लाल कोळी ही कीड आली होती, पानाखाली पाण्याचा फवारा जोरात मारून धुतली, गेली.

अंगणवेल (नाशिक), 6 मार्च 2025

पेरल्यापासून 154 वा दिवस. पहिलं फूल. गडद गुलाबी, एकेरी, आईच्या तळहाताएवढं. सकाळी साडेसातला उघडं होतं.

पाकळ्या पातळ, किंचित चुरगळलेल्या, इस्त्री न केलेल्या मलमलीसारख्या. मागून ऊन आलं की शिरा दिसतात. नऊ वाजेपर्यंत तीन सातेरी मधमाशा येऊन गेल्या, परत जाताना त्यांचं अंग पिठात लोळल्यासारखं पांढरं. आई दुपारची झोपली नाही.

पर्णिका (कोल्हापूर), 6 मार्च 2025

अभिनंदन ताई, डोळे भरून आले वाचताना.

ते 'पीठ' म्हणजे परागकण. हॉलीहॉकचे परागकण बरेच मोठे आणि काटेरी असतात, म्हणून माशीच्या केसांना पटकन चिकटतात. फूल रोज थोडं निरखून बघा. पहिल्या दिवशी नळीवर फक्त परागकोश दिसतील. त्यांचा भर ओसरला की आतून स्त्रीकेसराचे बारीक धागे बाहेर येतात. म्हणजे फूल आधी नर असतं, मग मादी. परक्या फुलाचा पराग मिळावा म्हणून ही सोय. तोवर माशी आलीच नाही, तर ते धागे मागे वळून स्वतःच्याच उरल्यासुरल्या परागाला टेकतात. बी धरायची दोन्ही वाटांनी खात्री.

सायतामाकर (जपान), 16 मार्च 2025

हा धागा उशिरा सापडला, सलग वाचून काढला. इथे जपानमध्ये हॉलीहॉकला ताची-आओइ म्हणतात आणि रेल्वेच्या रुळांकडेला, शेताच्या बांधांवर ते सर्रास दिसतं. इथल्या पावसाळ्याशी, त्सुयुशी, त्याची गाठ घातलेली आहे. जूनमध्ये पाऊस सुरू होताना बुडाशी पहिलं फूल येतं, मग एकेक करत वर चढत जातं आणि शेंड्याचं फूल उमललं की त्सुयु संपली असं लोक म्हणतात. माझ्या शेजारच्या आजी घड्याळाकडे बघावं तसं त्या दांड्याकडे बघतात.

अंगणवेल (नाशिक), 17 मार्च 2025

हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आपल्याकडे हिशेब उलटा: शेंड्याचं फूल उमललं की उन्हाळा लागला.

सहा झाडं फुलावर आहेत. थेट पेरलेल्यांतलं सर्वांत उंच आज मोजलं, सहा फूट दोन इंच. कपांतली दोन फुलली आहेत, दोन्ही चार फुटांच्या आसपास. तर मुळाबाबत काकांचं खरं ठरलं. पण पर्णिकाताई, पावसात सहावी जागा गेली ती तुमच्या कपानंच भरली, आणि पिवळा रंग फक्त त्याच झाडाला आला आहे. पुढच्या वर्षीही दोन्ही करणार.

खालची पानं कापल्यामुळे बुंधे उघडे दिसत होते, म्हणून पुढच्या कडेला झेंडू लावला आहे. आता ते उघडे बुंधे झाकले गेलेत.

दापोलीकर, 9 एप्रिल 2025

बी धरताय ना ताई? फळं हिरवी असताना काढू नका. बाहेरचं हिरवं वेष्टण कागदासारखं वाळून आपोआप उघडायला लागलं की काढा.

वऱ्हाडी_माळी (अमरावती), 9 एप्रिल 2025

अन् लाल ढेकण्यावर नजर ठेवा. कपाशीवरचा तोच तो, लाल-काळा, जोडीजोडीनं फिरते. पिकत्या फळात सोंड खुपसून बी शोषून घेते. वरून फळ चांगलं दिसते, आत पोचट. सकाळी झटकून साबणाच्या पाण्यात पाडा. नाहीतर फळांना मलमलची पुरचुंडी बांधा.

अंगणवेल (नाशिक), 4 मे 2025

पुरचुंड्या बांधल्या होत्या, त्यामुळे बी वाचलं. त्यात एका संध्याकाळी वादळी पाऊस येऊन दोन दांडे काठीसकट आडवे झाले. त्यांची फळं नशिबानं पिकलेली होती. आता सगळे दांडे बुडापासून अर्ध्या फुटावर कापले आहेत. बी परातीत सावलीत वाळतंय. फोडी सुट्या करायचं काम आईनं स्वतःकडे घेतलंय. पहिलं फळ हातात घेतल्यावर तिनं ते माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "घे, भाकरी."

गच्चीतली_भेंडी (डोंबिवली), 5 मे 2025

ताई, पिवळ्याचं बी मिळेल का? पिवळंच येईल ना?

पर्णिका (कोल्हापूर), 5 मे 2025

शेजारी गुलाबी झाडं होती आणि माशा सगळीकडे फिरत होत्या, त्यामुळे पिवळंच येईल असं सांगता येत नाही. काही पिवळी येतील, काही भलत्याच छटेची. एकच रंग राखायचा तर कळी उमलण्याआधी पातळ कापडाची पिशवी बांधून त्या फुलाचा स्वतःचाच पराग स्वतःला लागू द्यावा लागतो. पण खरं सांगू, मिश्र येऊ द्या. दरवर्षी पहिलं फूल उघडेपर्यंत रंग माहीत नसणं मला आवडतं.

अंगणवेल (नाशिक), 24 ऑगस्ट 2025

ज्यांनी ज्यांनी बी मागितलं होतं त्यांची पाकिटं उद्या टपालात टाकते आहे. कापलेल्या बुंध्यांपैकी दोघांना जूनमध्ये बुडातून फुटवे आले होते, पण जुलैच्या पावसात ते कुजले. तेव्हा काकांचं म्हणणं पुन्हा एकदा बरोबर, आपल्याकडे दरवर्षी नव्यानंच पेरायचं.

जुन्या वाफ्यात तांबेऱ्याचे अवशेष असतील, म्हणून यंदा जागा बदलतेय. तो पट्टा झेंडू-शेवंतीला देऊन खैरा खिडकीच्या डाव्या बाजूला, जरा पुढे. आईनं खुर्ची तिकडे सरकवून घेतली आहे.

प्रत्येक पाकिटात वीस बिया आहेत. मोजल्या आईनं, आणि वर 'खैरा' लिहिलंय ते अक्षरही तिचंच आहे. यंदा घटस्थापना 22 सप्टेंबरला.